भिंतीचं विरजण

भोसेगव्हाणातल्या भिंती मेल्या तेव्हा गावानं आनंद साजरा केला.

खोटं नाही. जिवंत भिंतीला वास असतो. पहाटे गोठ्याचं दार उघडल्यावर नाकात जे झोंबतं तसलाच, पण बारीक. घरच्यांना त्याची सवय होते, पाहुण्यांना होत नाही. सोयरीक जमवायला आलेली माणसं बैठकीत नाक आक्रसून बसायची आणि यजमान उगाच हवामानावर बोलायचे. त्या उन्हाळ्यात पारा सत्तेचाळिसावर चढला आणि उतरायचं विसरला. मग आठवडाभरात घराघरातला वास गेला. सरपंच संपतराव घोगरे यांनी गावाच्या ग्रुपवर टाकलं, 'आपले गाव दुर्गंधीमुक्त झाल्याबद्दल समस्त ग्रामस्थांचे हार्दिक अभिनंदन.' त्याखाली हात जोडलेल्या आणि फुलांच्या चित्रांची रांग लागली. एकानं तर फटाके टाकले.

बौद्धवाड्यातल्या शेवटच्या घरात विशाखा बनसोडे भाकरी थापत होती. तिनं पिठाच्या हातानं तो संदेश वाचला आणि फोन नवऱ्यापुढं धरला.

"बगा तुमच्या सायबाचं. घरात मयत झालंय आन् हे पेढं वाटायलेत."

नागसेन ग्रामपंचायतीत शिपाई होता. साहेबाबद्दल काही ऐकलं की त्याची नजर आधी दाराकडं जाई. "तू त्याच्यावर काय लिहू नको म्हंजे झालं. त्यांच्या भिंती, त्यांचा वास."

"आपल्या भिंतीला येतोय का अजून?"

नागसेननं मागच्या भिंतीपाशी जाऊन हुंगलं आणि तोंड फिरवलं. "लई येतोय."

"मग गप जेवा."

आता ज्यांची घरं शहरात आहेत आणि ज्यांनी मातीला हात लावल्याला जमाना झाला, त्यांना भिंत मरते म्हणजे काय हे सांगायला हवं. सिमेंट भाजताना निघणारा धूर पृथ्वीला परवडत नाही, हे जगातल्या शहाण्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांचे स्वतःचे मनोरे बांधून झाले होते. मग निर्बंध आले, ते उरलेल्यांवर. खेड्यानं मातीच्या घरात राहावं असं ठरलं. माती चाळायची, जराशी ओली करायची, दाबयंत्रात घालून दाबायची, की वीट तयार. भट्टी नाही, जळण नाही. पण नुसती दाबलेली माती पावसात टिकत नाही, म्हणून आधी तिच्यात थोडं सिमेंट मिसळत. त्या सिमेंटच्या जागी जीवाणू आला.

हा जीवाणू मातीतलाच. युरिया हे त्याचं खाणं. युरिया फोडला की अमोनिया सुटतो, तोच तो वास, आणि मागं उरतं कार्बोनेट. ते चुन्याच्या पाण्यातल्या कॅल्शियमला धरतं आणि मातीच्या दोन कणांमध्ये चुनखडीचा बारीक टाका पडतो. असे कोट्यवधी टाके पडले की मातीची वीट दगडासारखी वाजते. मूळचा जीवाणू एवढं काम करून झोपी जायचा. प्रयोगशाळेतल्या लोकांनी त्याला जागं राहायला शिकवलं. भिंतीला तडा गेला की तिथं हवा आणि ओल शिरते, हा कामाला लागतो आणि तडा बुजवतो. मोडलेलं हाड सांधतं तसं. भिंत स्वतःला सांभाळते म्हटल्यावर इंजिनियर खूश झाले. त्यांनी भिंती पातळ केल्या, चुना कमी केला.

मेख तिथंच होती. हाड जिवंत माणसाच्या अंगात असतं तोवरच सांधतं. भिंतीला दर पंधरवड्याला युरियाचं पाणी पाजावं लागे, फार तापू न देता ठेवावं लागे. आतला जीव गेला की दिवसाचं ऊन, रात्रीचा गारवा आणि बुरशीचं आम्ल मिळून ते टाके उसवायला लागतात. मग एखाद्या मोठ्या पावसात पातळ भिंत बसकण मारते.

आणखी एक गोष्ट. घर वाढवायचं तर जीवाणू पुन्हा विकत आणावा लागत नसे. शेजारच्या मुरलेल्या भिंतीतून ढेकूळ काढायचं, गुळाच्या आणि युरियाच्या कोमट पाण्यात दिवसभर ठेवायचं, की फेस धरतो. बायकांनी त्याला पहिल्याच वर्षी नाव दिलं, विरजण. दह्याचं घेतात तसंच भिंतीचं. आणि दह्याचं विरजण ज्या घरातून घेत नाहीत, त्या घरातून हेही घेत नसत. यंत्र नवं होतं, जीवाणू नवा होता. गाव तेच होतं.

दाबयंत्र बचत गटाचं. ते विशाखा आणि सरपंचाची बायको वैजयंता, दोघी मिळून चालवत. एकीनं माती घालायची, दुसरीनं दाब द्यायचा. दोघींचं जमे. यंत्रापाशी वैजयंता विशाखाच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी बोटं चाटून खाई आणि घरी गेल्यावर, आत शिरण्याआधी, न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेई. विशाखाला हे ठाऊक होतं. वैजयंतालाही ठाऊक होतं, की तिला ठाऊक आहे. अशा मैत्रिणी खेड्यात पुष्कळ असतात आणि त्यावर भाषणंही पुष्कळ होतात.

गावातल्या घरांच्या विटांना जुन्या गावठाणाची पांढरी माती घेतली. बांधकामाला तिच्याइतकी चांगली माती नाही. बौद्धवाड्यानं मागितली तेव्हा संपतराव म्हणाले, "पांढरी ही गावाची असती." म्हणजे बौद्धवाडा गावात नव्हता. वाड्यानं मग ओढ्याकाठची चिकण आणि माळाचा मुरूम मिसळून विटा पाडल्या. पुढं गटार काढायची वेळ आली, तेव्हा मात्र बौद्धवाडा एकदम गावात आला. सगळ्या घरांचं पाणी विशाखाच्या मागल्या भिंतीला लागून तुंबायला लागलं. ती ग्रामसभेत भांडायला उभी राहिली, तर संपतरावांनी हसून सांगितलं, "उतार तिकडंच हाय, ताई. उताराला काय जात असती का?" सभा हसली. नागसेनही हसला, नोकरीपुरतं.

आणि नेमकी तीच भिंत जगली. गटाराच्या ओलीनं ती तापली नाही, आणि तिच्या खुराकात कधी खंड पडला नाही. माणसाच्या मुतात युरिया असतो. सरपंचापासून पुजाऱ्यापर्यंत साऱ्यांनी वर्षानुवर्षं, न चुकता, आपापल्या परीनं तिला जेवण पाठवलं होतं. त्या घाणीत, त्या उन्हात, कमकुवत जीवाणू मरत गेले आणि चिवट उरले. विशाखाची मागची भिंत पहारीला दाद देईनाशी झाली.

वास गेल्याच्या आनंदात गावाचे पंधरा दिवस गेले. मग भिंतींमधून माती गळायला लागली. आधी कोपऱ्यात रांगोळीएवढी, मग सुपानं भरावी एवढी. जीवाणू बनवणाऱ्या कंपनीनं कधीच दिवाळं काढलं होतं. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून उत्तर आलं, नवा जीवाणू दिवाळीनंतर. मृग तर तोंडावर आला होता.

विशाखानं तोवर आपल्या भिंतीतून ढेकूळ काढून वाड्यातल्या घरांना विरजण लावलं होतं. स्टीलच्या बादल्यांतून, घरोघर. आठवड्यात वाड्याला पुन्हा वास सुटला आणि भिंतींनी माती धरली. ही बातमी गावात कुणीच कुणाला सांगितली नाही आणि सगळ्यांना कळली.

वैजयंता आली ती मागच्या बाजूनं, गटारावर टाकलेल्या फळीवरून, नाकाला पदर लावून.

"विशाखाताई, हायेस का गं?"

"दार पुढं हाय."

"अगं, पुढून लोकं बगत्यात."

"मला रोज बगत्यात. मरत न्हाई मी."

वैजयंता फळीवरच उभी राहिली. "आमच्या वरच्या खोलीची भिंत फुगलीय. रेणू तिथंच झोपायची, तिला खाली आणलीय. बोट लावलं की माती येती हातात. थोडं विरजण दे की. ह्यांना न्हाई सांगत मी. गुपचूप लावते."

"गुपचूप न्हाई मिळायचं."

"म्हंजे?"

"तुझ्या नवऱ्यानं यायचं. पुढच्या दारानं, दिवसाउजेडी, आन् माझ्या हातनं घ्यायचं. तुझ्या एकट्या घराला कशाला, सगळ्या गावाला देते. फुकट देते. पर चोरून न्हाई. चोरून दिलं तर उद्या म्हनशीला, आमच्या भिंती आपोआपच बऱ्या झाल्या."

"किती ताणतीस गं तू! लेकराकडं बगून तरी..."

"लेकराकडं बगूनच म्हनते. रेणूला कळू दे, तिची भिंत कुणी दिली."

वैजयंताच्या डोळ्यांत पाणी आलं. विशाखानं ते पाहिलं आणि तिला आत मात्र बोलावलं नाही. वळसा घालून पुढच्या दारानं आली असती तर चहा मिळाला असता. वळसा फार नव्हता.

जेवताना नागसेन म्हणाला, "दिऊन टाक की. मला रोज त्यांच्यापुढं उभं ऱ्हावं लागतं."

"नोकरी तुमची हाय, भिंत माझी हाय," विशाखा म्हणाली. "वरण वाढू का?"

संपतराव शेवटी आले. न येऊन सांगतात कुणाला? स्वतःचं दुमजली घर फुगलं होतं. आले ते मात्र वरातीसारखे. पुढं जीप, मागं माणसं, त्यांच्या मागं बायका. जीपमध्ये त्यांची आई, आक्का. सत्तरी उलटलेली बाई, पण घोगऱ्यांच्या घरात तिच्या शब्दाशिवाय चूल पेटत नसे. विशाखानं खुर्च्या काढून ठेवल्या होत्या. कुणीच बसलं नाही. सगळ्यांना एकदमच उभं राहायची आवड उत्पन्न झाली.

"आज भोसेगव्हाणच्या इतिहासातला समरसतेचा दिवस," संपतरावांनी सुरुवात केली. एक जण चित्रण करत होता.

"भांडी आणलीत का?" विशाखानं विचारलं.

आणली होती. जीपच्या मागून गडी एकेक भांडं उतरवायला लागले आणि विशाखाचं तोंड उघडंच राहिलं. तांब्याच्या घागरी, तांब्याचे हंडे, तांब्याचे कलश. चिंच लावून घासलेले, डोळे दिपतील असे. घराघरातली लग्नातली भांडी गोळा करून आणली होती. विरजण कायम प्लास्टिकच्या कॅनमधून नाहीतर स्टीलच्या बादलीतून नेत, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"तांब्यात नेणार?"

"तांब्याला इटाळ चढत न्हाई," जीपमधून आक्का म्हणाली. पुढं तिनं शांतपणे समजावलं, जणू उपकार करते आहे, "रातभर तांब्यात ठिवायचं, तुळशीचं पान टाकायचं. मग कुटनं बी आलेलं आसू दे, चालतं."

"आक्का, तुमी दही तांब्यात लावता का?"

"दही येगळं."

"येगळं कसं? ह्ये बी जित्तं हाय. तांब्यात मरतं. म्हणून तर तांब्यातलं पाणी चांगलं म्हनत्यात, त्यातलं जित्तं मरतं म्हणून. स्टील आणा, प्लास्टिक आणा, मडकं आणा. न्हाईतर माझ्या बादल्या न्या."

तिच्या बादल्या! जमलेल्या बायकांमधून एक हुंकार उठला. संपतराव कॅमेऱ्याकडं बघत हसले. "घ्या. आता शुद्ध काय आन् अशुद्ध काय, ते विशाखाताई शिकवनार आपल्याला."

सगळे हसले. विशाखानं वैजयंताकडं पाहिलं. यंत्राचं प्रशिक्षण घ्यायला दोघी बरोबर गेल्या होत्या, एका बाकावर बसल्या होत्या. तांबं टाळा, हे तिथं दोघींनीही ऐकलं होतं. वैजयंतानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली.

विशाखानं पदर खोचला. एकदा सांगून झालं होतं. दुसऱ्यांदा सांगायला ती काही त्यांची आई नव्हती, आणि आई तर जीपमध्ये बसलेली होती. तिनं भिंत फोडली. घणानं फोडली, कारण दुसऱ्या कशानं ती फुटत नव्हती. माणूस आत मावेल एवढं भगदाड पडलं, छताची एक तुळई करकरली, तिला नागसेननं टेकू लावला. एकेक ढेकूळ, फेसाळलेल्या विरजणाचा एकेक लोटा, असं करत तिनं साऱ्या घागरी आपल्या हातानं भरल्या. भरून झालेली घागर गडी लांबूनच, फडक्यानं धरून उचलत. खुर्च्या शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी घागरींमधलं विरजण निळं झालं.

शाळेत रसायनशास्त्र शिकलेला कुणीही सांगेल की अमोनियाच्या पाण्यात तांबं ठेवलं आणि वर हवा असली, की तांबं विरघळतं आणि पाण्याला गडद, सुंदर निळा रंग चढतो. त्याच विरघळलेल्या तांब्यानं आतले जीवाणू ठार होतात. भोसेगव्हाणात रसायनशास्त्र शिकलेले लोक होते. दोन तर मास्तर होते. ते दोघंही आक्काच्या अंगणात हात जोडून उभे राहिले, कारण पुजाऱ्यानं घागरीत डोकावून सांगितलं होतं की हा मेघश्यामाचा वर्ण आहे आणि शुद्धी एवढी उत्तम झाली आहे की साक्षात देव उतरला आहे. घागरींची आरती झाली. आरतीचं चित्रण झालं. ग्रुपवर पुन्हा फुलांची रांग लागली.

मग ते तीर्थ भिंतींवर शिंपडलं. पांढऱ्या मातीच्या भिंतींवर निळे ओघळ आले, ते पसरले, आणि दोन दिवसांत गावातलं प्रत्येक मोठं घर निळसर दिसायला लागलं. बौद्धवाड्यातली पोरं टेकाडावर चढून बघून आली आणि हसता हसता जमिनीवर लोळली.

"विशाखाकाकू, घोगऱ्याचा वाडा आपल्या झेंड्याचा झालाय!"

विशाखाला हसू आलं नाही. तिच्या घराला भगदाड होतं. ते दगड रचून बुजवलं होतं, आणि वारा सुटला की टेकू हलत होता. एवढी भिंत तिनं फोडून दिली ती यांच्या भांड्यांना आंघोळ घालायला. तिला राग यायला हवा होता, पण रागासाठीसुद्धा समोरच्या माणसाला थोडी किंमत द्यावी लागते. ती तिच्याकडं उरली नव्हती. निळ्या घरांकडं बघून तिला फक्त कीव येत होती, आणि तीही अशी, की थुंकून टाकावी.

मेलेल्या भिंतींना वास आला नाही. वळवाचा एक सडाका आला. घोगऱ्यांच्या वरच्या मजल्याची रस्त्याकडची भिंत ओल्या बिस्किटासारखी खाली आली. खोली रिकामी होती म्हणून रेणू वाचली. संध्याकाळपर्यंत गावाला कारण सापडलं. कारण सापडायला या गावाला कधी वेळ लागत नाही. बनसोड्याच्या बाईनं विरजणात विष घातलं.

सकाळी जीप पुन्हा आली. या वेळी बायका मागं नव्हत्या, पुढं होत्या, आणि तोंडं सुटलेली. जीपमागच्या ट्रॉलीत भिंत कापायचं यंत्र होतं. त्याची जाड वायर खांद्यावर घेऊन उतरला तो नागसेन. ग्रामपंचायतीचा शिपाई, दुसरा कोण उतरणार?

"विशाखाताई, ठराव झालाय," संपतराव म्हणाले. या वेळी चित्रण नव्हतं. "ही मागली भिंत सार्वजनिक मालमत्ता. कापून नेनार. देवळाच्या आवारात बसवनार, शुद्धी करून. म्हंजे पुन्हा कुणाला तुझ्या दारात यायची पाळी येनार न्हाई, आन् तुला बी तरास न्हाई."

"भिंत नेली तर माझं छत खाली यील."

"त्याचं बगू नंतर."

विशाखा नवऱ्याकडं वळली. "तुमी बी?"

नागसेननं वायर खाली ठेवली. ठेवली, एवढंच. पण आयुष्यात पहिल्यांदा साहेबाच्या हुकमाची वस्तू त्यानं साहेबासमोर खाली ठेवली होती, आणि ठेवल्यावर तो बायकोच्या बाजूच्या उंबऱ्याला टेकून उभा राहिला. विशाखानं तेवढ्यावर भागवलं.

"न्या भिंत," ती म्हणाली. "पर देवळामागं गटार बी न्या. ही भिंत पाण्यावर न्हाई जगत, सरपंच, तुमच्या मुतावर जगती. तुमच्या, पुजारीबाबांच्या, आक्कांच्या. साऱ्या गावानं हितं सोडलं, ते पिऊन ही उभी हाय. तुमचंच हाय की सगळं. त्याला मातूर इटाळ चढला. माझा हात लागला, येवढाच काय तो फरक."

कुणी हसलं नाही. पुजाऱ्यानं घसा खाकरला आणि विचार बदलला.

"विष घातलंस तू!" जीपमधून आक्का ओरडली. "निळं झालं ते कशानं?"

"तांब्यानं."

हे विशाखा म्हणाली नव्हती. वैजयंता म्हणाली होती, बायकांच्या मधून, आणि म्हणून झाल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला, पण शब्द गेलेला होता.

संपतराव बायकोकडं वळले. "काय?"

"तांब्यानं मेलं. आमाला शिकवलं होतं. मला म्हाईत होतं."

"मग त्या दिवशी तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुमी हसत होता," वैजयंता म्हणाली. "समदीच हसत होती."

विशाखानं तिच्याकडं पाहिलं. चटणी चाटणारी ती बोटं पदराचं टोक पिळत होती. "तुझी भिंत पडल्यावर बोललीस," ती म्हणाली. "माझी फोडली तवा गप बसलीस. बरं हाय. कळलं मला."

वैजयंता रडायला लागली. तिला कुणी जवळ घेतलं नाही. आभाळ भरून येत होतं, आणि जमलेल्या प्रत्येकाच्या घरी एक निळी भिंत उभी होती. हळूहळू तोंडं बंद होत गेली. मग गर्दीतून कुणीतरी, आपण कोण ते दिसणार नाही अशा बेतानं, विचारलं, "मग आता काय इलाज?"

"आता विरजण वतून भागायचं न्हाई," विशाखा म्हणाली. "तुमच्या मातीत तांबं मुरलंय. तिथं काय जगनार न्हाई. वरनं नवा गिलावा चढवायचा, चांगला जाड. माती माझ्या दारची, ओढ्याकाठची. पाणी गटाराचं. विरजण ह्या भिंतीचं, बादलीभर. पर त्यो चिखल पायानं तुडवायला लागतो. गुठळी ऱ्हायली की आत जीव पोचत न्हाई, आन् गुठळी पायाला कळती, यंत्राला न्हाई कळत. ज्याच्या घराचा चिखल त्यानं हितं, माझ्या अंगणात तुडवायचा. तुडवेल त्यो नेईल."

"गडी लावतो माझे," संपतराव म्हणाले.

"गड्याचं घर न्हाई पडायलं."

"मग ही करील," त्यांनी वैजयंताकडं मान उडवली.

"ती करीलच. तुमी बी करा. घर दोघांचं हाय न्हवं?"

आक्का जीपमध्ये पुटपुटत होती, पण तिच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती. लोक आभाळाकडं बघत होते, मग सरपंचाकडं. नागसेननं फावड्यानं अंगणात माती ओढली, मधे आळं केलं. गटाराच्या दोन बादल्या त्यात ओतल्या. वास उठला आणि बायका मागं सरकल्या. विशाखानं विरजण ओतलं. फेस वर आला.

वैजयंतानं चपला काढल्या, लुगडं खोचलं आणि आत पाय ठेवला. डोळे मिटून ठेवला, पण ठेवला.

संपतरावांनी चौफेर पाहिलं. साऱ्या गावात एकही माणूस असा नव्हता, ज्यानं त्यांना आता थांबवावं. त्यांनी पांढरे बूट काढले. मोजे काढून ते बुटांत घातले. विजारीच्या घड्या गुडघ्यापर्यंत चढवल्या आणि ते चिखलात उतरले. पहिल्यांदा पाय घसरला, तोल गेला, हात मागं टेकला. हात कोपरापर्यंत बरबटून वर आला. बघणाऱ्यांपैकी कुणाचीच हसायची हिंमत झाली नाही. मागं, बौद्धवाड्यातल्या बायका शांतपणे उभ्या होत्या. त्यांनाही हसायचं नव्हतं. त्यांना नीट बघायचं होतं.

ते तुडवत राहिले. पांढऱ्या कपड्यांवर शिंतोडे उडत होते, घाम हनुवटीवरून खाली टपकत होता. बाजूला बायको रडत रडत तुडवत होती. दोघांचे पाय वर जात होते, खाली येत होते, आणि त्यांच्या मागं एकेक घर गुपचूप रांगेला लागत होतं.

थोड्या वेळानं संपतराव थांबले. धाप लागली होती. मान वर न करता त्यांनी विचारलं, "पुरे का?"

विशाखा वाकली. आळ्यातला चिखल दोन बोटांत धरून चेपला, अंगठ्यानं पसरवून पाहिला, पदराला पुसला.

"गुठळ्या हायेत अजून," ती म्हणाली. "तुडवा."